नळीतला स्क्रू

तर मंडळी, या आठवड्याचा विषय आहे एक इंच लांबीचा गंजलेला स्क्रू. हसू नका. या स्क्रूने माझ्या इंजिनियरिंगच्या डिग्रीचा पार कचरा केला आणि वर थोडा इतिहासही शिकवला.

वेळणेश्वरला माझं आजोळ. देऊळ, माडांची रांग, पुढे समुद्र, एवढंच गाव. अनेक कोकणस्थ घराण्यांचं हे कुलदैवत, त्यामुळे मुंबई-पुण्याची मंडळी वर्षातून एकदा येतात, अभिषेक करतात, मोदक खातात आणि परत जातात. आमच्या घरी देवाखालोखाल मान आहे तो गोठ्याच्या जागी बांधलेल्या शेडमधल्या अँबॅसडरला. १९७७ सालची, मार्क थ्री. आजोबांची. आजोबा गेले, गाडी राहिली. मामा ती आठवड्यातून एकदा सुरू करतो, महिन्यातून एकदा गुहागरला नेऊन आणतो, बस्स.

मागच्या वर्षी दिवाळीत चार दिवस गेलो होतो. लॅपटॉप पुण्यातच ठेवला होता, म्हणून बॉनेट उघडलं. (सवय हो. काहीतरी उघडून बघितल्याशिवाय चैन पडत नाही.) तर कार्ब्युरेटरपासून निघालेली एक बारीक काळी रबरी नळी इंजिनच्या डोक्यावरून पलीकडे डिस्ट्रिब्युटरपर्यंत आलेली दिसली. पण जोडलेली नाही! टोकात एक स्क्रू घट्ट पिळून बसवलेला आणि डिस्ट्रिब्युटरवरची निप्पल उघडी.

"मामा, हे काय?"

"ते तसंच आहे. हात नको लावूस."

"पण का?"

"तुझ्या आजोबांच्या वेळेपासून आहे."

कोड रिव्ह्यूमध्ये असं उत्तर मिळालं तर आपण काय करतो? डिलीट करतो. मी तेच केलं.

पण आधी ही नळी करते काय ते सांगतो, नाहीतर पुढची गंमत कळायची नाही.

पेट्रोल इंजिनमध्ये ठिणगी पडली की स्फोट होतो असं आपण शाळेत शिकतो. खरं तर तो स्फोट नसतोच, जळणं असतं, आणि जळायला वेळ लागतो. अगदी थोडा, काही मिलिसेकंद. पिस्टन वर पोचून नुकता खाली वळलाय अशा वेळी दाब सगळ्यात जास्त हवा, म्हणजे ठिणगी त्याच्या आधी पाडली पाहिजे. याला म्हणतात अ‍ॅडव्हान्स. आता गणित बघा. १००० आरपीएमला क्रँक एका मिलिसेकंदात ६ अंश फिरतो, ३००० आरपीएमला १८ अंश. जळायला लागणारा वेळ काही त्याच हिशोबात कमी होत नाही. म्हणून इंजिन जितकं वेगात, तितकी ठिणगी लवकर.

सुरुवातीच्या मोटारींत हे काम ड्रायव्हर हाताने करायचा. १९०८ ते १९२७ या काळात निघालेल्या फोर्ड मॉडेल टीमध्ये स्टिअरिंगच्या डावीकडे त्यासाठी वेगळी दांडी होती. गाडी सुरू करताना ती मागे घ्यायची आणि वेग आला की पुढे सरकवायची. मागे घ्यायला विसरून हँडल मारलं तर इंजिन उलटं फिरून हँडलसकट मनगटावर आदळायचं. यात त्या काळी लोकांचे हात मोडत. इनपुट व्हॅलिडेशन नसलं की काय होतं त्याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

नंतर डिस्ट्रिब्युटरच्या पोटात स्प्रिंगांना बांधलेली दोन छोटी वजनं आली. वेग वाढला की ती बाहेर फेकली जातात आणि ठिणगी लवकर पडते. अर्धा प्रश्न सुटला.

उरलेला अर्धा प्रश्न असा की सिलिंडरमध्ये दर वेळी माल सारखाच भरलेला नसतो. सपाट रस्त्यावर पाय हलका ठेवून चाललात तर थ्रॉटल जेमतेम उघडं असतं, आत मिश्रण विरळ जातं आणि विरळ मिश्रण सावकाश जळतं. तेव्हा ठिणगी आणखी लवकर हवी. याउलट कुंभार्ली घाट चढताना पाय पूर्ण दाबलात तर सिलिंडर गच्च भरतो, मिश्रण भराभर जळतं आणि ठिणगी लवकर पाडलीत तर इंजिन टकटक करायला लागतं. हे नॉकिंग फार काळ चाललं तर पिस्टनला भोक पडू शकतं.

म्हणजे ठिणगी कधी पाडायची हे ठरवायला वेग आणि भार अशा दोन गोष्टी कळायला हव्यात. वेग वजनांना कळतो. पण भार कोण सांगणार?

इथे आपली नळी येते. थ्रॉटल जेमतेम उघडं असलं की इंजिन हवा ओढू बघतं, ती मिळत नाही, आणि आत व्हॅक्युम तयार होतो. थ्रॉटल पूर्ण उघडलं की तो जवळजवळ शून्यावर येतो. व्हॅक्युम म्हणजेच भाराचं उलटं माप! ते माप नळीतून डिस्ट्रिब्युटरच्या बाजूला असलेल्या चपट्या डबीत जातं. डबीत एक पातळ पडदा असतो. व्हॅक्युम आला की पडदा ओढला जातो, त्याला जोडलेली काडी आतली प्लेट फिरवते आणि ठिणगी काही अंश लवकर पडते. ना वीज, ना सेन्सर, ना एक ओळ कोड. १९३० च्या दशकापासून जगभरच्या लाखो मोटारी याच हिशोबावर चालल्या. मला तर हा शोध बघून हात जोडावेसे वाटले.

आणि असली सुंदर गोष्ट आमच्या गाडीत कोणीतरी स्क्रू मारून बंद केली होती! कोण हा अडाणी मेकॅनिक?

(हे वाक्य लक्षात ठेवा. ते मला फार महागात पडलं.)

मी यूट्यूबवर एक व्हिडिओ बघितला. त्यात एक गृहस्थ ठणकावून सांगत होते की नळी कार्ब्युरेटरला नाही, थेट इनटेक मॅनिफोल्डला जोडा. दोन्हींत फरक आहे. कार्ब्युरेटरवरचं भोक थ्रॉटलच्या पात्याच्या किंचित अलीकडे असतं, त्यामुळे गाडी स्लोवर असताना नळीत व्हॅक्युम येत नाही, पाय दिल्यावरच येतो. मॅनिफोल्डला मात्र स्लोवरसुद्धा भरपूर व्हॅक्युम असतो. आमच्या मॅनिफोल्डवर रबरी टोपी घातलेली एक निप्पल होतीच. मी स्क्रू उपटला, नळीचं एक टोक डिस्ट्रिब्युटरला लावलं आणि दुसरं कार्ब्युरेटरवरून काढून मॅनिफोल्डला. व्हिडिओतलं इंजिन अमेरिकन व्ही-एट होतं आणि आमचं १४८९ सीसीचं इंग्लिश, हा किरकोळ तपशील मी सोडून दिला.

गाडी सुरू झाली, पण स्लोवर थरथरायला लागली. मग मी स्लोचा स्क्रू थोडा आवळून आरपीएम वाढवला. थरथर गेली. म्हटलं, झालं काम. एक बग दुसऱ्याखाली झाकला होता, पण तेव्हा ते कळलं नाही.

दोन दिवसांनी आजीला डोळे दाखवायला चिपळूणला न्यायचं होतं. आजी चौऱ्याऐंशी वर्षांची. एसटी नको, गाडी आहे ना, म्हणून मीच हौसेने चालवायला बसलो. शृंगारतळी गेलं, मार्गताम्हाने गेलं. पुढे एका चढावर एसटीच्या मागे वेग कमी केला आणि इंजिन बंद. सुरू केलं, बंद. पुन्हा सुरू केलं, पुन्हा बंद. तापलेलं इंजिन, मागे हॉर्न, शेजारी आजी. तिने एकदाच विचारलं, "तू काही केलंस का रे?" मी काही बोललो नाही.

शेवटी एका वडापवाल्याने मामाला आणि आजीला पुढे नेलं. डॉक्टरांची वेळ हुकलीच. मी रस्त्याच्या कडेला गाडीपाशी तीन तास बसून राहिलो. या तीन तासांत मी फोनवर जे वाचलं ते आता सांगतो, कारण आमच्या स्क्रूचं मूळ त्यातच आहे.

हिंदुस्थानात मोटारींचं जुळणीकाम सुरू झालं ते मुंबईत. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला कारखाना उघडला. सुटे भाग बाहेरून यायचे आणि इथे जोडले जायचे. इथेच गाडी बनवायची ही धडपड केली ती सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी. १९४४ मध्ये त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि कुर्ल्याच्या कारखान्यात आधी क्रायस्लरच्या, पुढे फियाटच्या गाड्या तयार व्हायला लागल्या. तिकडे बिर्लांनी १९४२ मध्ये हिंदुस्तान मोटर्स सुरू केली आणि पुढे कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याला कारखाना थाटला.

मग १९५३ साल आलं. टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून सरकारने ठरवलं की ज्यांच्याकडे इथेच भाग बनवण्याचा कार्यक्रम आहे त्यांनीच राहावं, नुसती जुळणी करणाऱ्यांनी जावं. जनरल मोटर्स आणि फोर्ड गेल्या. हेतू चांगलाच होता. परकीय चलन वाचवायचं आणि देशात कारखानदारी उभी करायची. उत्तरपाड्याने मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज थ्रीचं बाड इंग्लंडहून आणलं आणि १९५७ मध्ये अँबॅसडर काढली. १९५९ मध्ये तिच्यात बीएमसीचं १४८९ सीसीचं बी-सिरीज इंजिन बसलं. इग्निशनचे भाग इथेच बनावेत म्हणून १९६१ मध्ये ल्युकस आणि टीव्हीएस यांनी मिळून मद्रासला कंपनी काढली.

सगळं कसं टप्प्याटप्प्याने चाललं होतं. फक्त पुढचा टप्पा आलाच नाही. स्पर्धा नाही, परवान्याशिवाय उत्पादन वाढवता येत नाही, गिऱ्हाईक वर्षानुवर्षं रांगेत उभं. मग बदलायचं कशाला? जाळी बदलली, दिवे बदलले, मार्क टूचं थ्री झालं, थ्रीचं फोर. इंजिन तेच राहिलं.

आणि बाहेर काय चाललं होतं? अमेरिकेत १९७० चा हवा शुद्धतेचा कायदा आला. धूर कमी करण्यासाठी इंजिनियर लोकांनी याच व्हॅक्युमच्या नळ्यांना जुंपलं. पाणी थंड असेल तर ही नळी बंद, तापलं तर ती उघडी, गिअर अमुक असेल तर तिसरी. एकीच्या जागी नळ्यांचं जंगल झालं. कुठली नळी कुठे जाते याचा नकाशा बॉनेटखाली चिकटवावा लागला. जुन्या कोडमध्ये इफ-एल्सवर इफ-एल्स चढत जातात ना, अगदी तसं. शेवटी वैतागून त्यांनी ती सगळी भानगड कॉम्प्युटरकडे दिली. जनरल मोटर्सने ओल्ड्समोबिल टोरोनॅडोमध्ये ठिणगीची वेळ ठरवायला मायक्रोप्रोसेसर बसवला. साल? १९७७.

आमच्या गाडीचं साल. तिकडे नळीची जागा चिप घेत होती आणि इकडे आजोबांची गाडी वीस वर्षांपूर्वीचं डिझाइन घेऊन उत्तरपाड्यातून बाहेर पडत होती.

एवढं वाचून होतं तोवर चिपळूणहून मिस्त्री आले. पासष्टीचे असतील. पूर्वी आजोबांची गाडी तेच बघायचे. बॉनेट वर करून दोन मिनिटं नुसते बघत राहिले.

"डेल्कोची नळी कोणी लावली?"

डेल्को म्हणजे डिस्ट्रिब्युटर. गॅरेजमधला जुना शब्द. मुळात डेल्को हे चार्ल्स केटरिंगच्या अमेरिकन कंपनीचं नाव, पुढे ती जनरल मोटर्समध्ये गेली. आमच्या गाडीत तो भाग ल्युकसचा, पण मिस्त्रींच्या तोंडी डेल्कोच. कंपनी देशातून गेली तरी शब्द राहतो.

"मी लावली," मी म्हणालो.

त्यांनी नळी मॅनिफोल्डवरून काढली, टोक तोंडात धरलं आणि ओढलं. मग माझ्याकडे दिलं. "ओढा."

मी ओढलं. सरळ हवा आली. पडदा धड असेल तर थोडी ओढल्यावर अडते आणि टोकाला जीभ लावून धरली की व्हॅक्युम तसाच टिकतो. इथे पडदा फाटलेला होता. म्हणजे मी मॅनिफोल्डला एक भोकच पाडून ठेवलं होतं. स्लोवर त्यातून हवा आत शिरायची, मिश्रण पातळ व्हायचं आणि इंजिन मरायचं. तेवढ्यासाठी मी स्लो वाढवून ठेवला होता, पण तापल्यावर आणि चढावर ते पुरलं नाही.

त्यांनी मॅनिफोल्डच्या निप्पलला टोपी घातली, नळी कार्ब्युरेटरला परत जोडली आणि म्हणाले, "स्क्रू कुठाय?"

माझ्या खिशात होता. त्यांनी तो नळीच्या टोकात पिळला, स्लो खाली आणला, गाडी सुरू केली. शिवणयंत्रासारखी चालायला लागली.

"स्क्रू मीच मारला होता," हात पुसत ते म्हणाले. "नव्वद-एक्क्याण्णवची गोष्ट. पडदा फाटला. चिपळुणात मिळेना. मुंबईला ऑपेरा हाउसला सांगून ठेवला. तुमच्या आजोबांना म्हटलं, नवीन येईपर्यंत चालवा असंच, पेट्रोल थोडं जास्त पिईल. ते म्हणाले, चालते ना? मग असू दे."

मी मनात हिशोब केला आणि गप्प बसलो. घाटात, चढावर, पाय दाबलेला असताना नळीत व्हॅक्युम नसतोच. म्हणजे नळी असली काय, नसली काय, सारखंच. तिचा फायदा सपाट रस्त्यावर हलक्या पायाने चालताना. आता वेळणेश्वर ते चिपळूण या रस्त्यावर सपाट भाग किती, हे ज्यांनी तो रस्ता केलाय त्यांनाच विचारा. त्यात आजोबांचं चालवणं आठवड्याला एक फेरी. आणि त्या वेळचं साधं पेट्रोल होतं ८७ ऑक्टेनचं, जे अवेळी पडलेली ठिणगी फारशी सहन करायचं नाही. बिघडलाच तर अ‍ॅडव्हान्स कमी असलेला बरा, जास्त असलेला वाईट. मिस्त्रींनी जे केलं ते त्या दिवशी, त्या गावात, त्या पेट्रोलवर अगदी बरोबर होतं. अडाणी कोण होतं ते तुम्हाला कळलंच असेल.

पण गोष्ट इथे संपत नाही. कारण तो स्क्रू तात्पुरता होता. नवीन पडदा आलाच नाही, कोणी मागे लागलं नाही, आणि तात्पुरत्याचं कायमचं झालं. पेट्रोल बदललं. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसं बंद झालं, ऑक्टेन हळूहळू वाढून साध्या पेट्रोललाही ९१ च्या पुढे गेला. २००० च्या सुमारास नव्या प्रदूषण नियमांमुळे कार्ब्युरेटर आणि ही नळी दोन्ही नव्या गाड्यांतून हद्दपार झाली. अँबॅसडर बनणं २०१४ मध्ये थांबलं. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून गेली. स्क्रू मात्र जागच्या जागी.

मला वाटतं १९५३ च्या त्या निर्णयाचंही असंच झालं. त्या वेळेपुरता तो चुकीचा नव्हता. चलन नव्हतं, कारखाने नव्हते, काहीतरी बंद करून काहीतरी उभं करायचं होतं. चूक ही की पुढची तीसेक वर्षं, १९८३ मध्ये मारुती येईपर्यंत, बॉनेट उघडून "हे अजून लागतंय का?" असं कोणी धडपणे विचारलं नाही. चालतंय ना? मग असू दे. ऑफिसमध्ये दर सोमवारी मी हेच वाक्य ऐकतो. "टेम्पररी फिक्स" असं लिहिलेली ओळ आणि पुढे दहा वर्षांपूर्वीची तारीख. लिहिणारा कधीच दुसऱ्या कंपनीत गेलेला.

अशा ओळीसमोर दोनच प्रकारचे लोक भेटतात. एक मामासारखे, हात लावू नको म्हणणारे. दुसरे माझ्यासारखे, न विचारता उपटणारे. तिसरा, म्हणजे ज्याने स्क्रू मारला त्याला जाऊन विचारणारा, क्वचित. आणि तो विचारेपर्यंत सांगणारा जिवंत असेलच असं नाही. आमचं नशीब चांगलं, मिस्त्री होते.

पुढे काय झालं? कुर्ल्याच्या जुन्या पार्टच्या बाजारात दोन शनिवार फिरलो. ल्युकसच्या या डबीवर बहुधा तीन आकडे कोरलेले असतात: किती व्हॅक्युमला पडदा हलायला लागतो, कितीला थांबतो आणि जास्तीत जास्त किती अंश फिरवतो. दिसायला सगळ्या डब्या सारख्या, आकडे वेगळे. जुन्यावरचे आकडे खरवडून वाचले आणि तेच जुळवून आणले. नळी जाड भिंतीची नवीन घेतली, कारण खाऱ्या हवेने जुनीला भेगा पडल्या होत्या आणि हल्लीच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची वाफ जुन्या रबराला मानवेल याची खात्री नाही. ती एक्झॉस्टपासून लांब, कुठेही दुमडणार नाही आणि मध्ये झोळ पडून पेट्रोल साचणार नाही अशी नेली. आणि जोडली कार्ब्युरेटरला, मॅनिफोल्डला नाही. बसवायच्या आधी मिस्त्रींकडून तपासून घेतली. ते तोंडाने ओढून म्हणाले, "धरतोय."

आणि स्क्रू? टायमिंग लावताना नळी डिस्ट्रिब्युटरवरून काढून तिचं टोक बंद करावं लागतं, नाहीतर मोजमाप चुकतं. त्यासाठी तोच स्क्रू वापरला. आता तो बॉनेटखाली दोरीने बांधलाय. शेजारी प्लॅस्टिकच्या पिशवीत एक चिठ्ठी आहे, त्यावर डबीचे तीन आकडे, नळी कुठून कुठे जाते त्याचं चित्र, तारीख, आणि "हा स्क्रू फक्त टायमिंग लावताना" एवढं लिहिलंय. पुढच्या अडाणी नातवासाठी.

आजीला नंतर चिपळूणला नेलं. गाडी एकदाही बंद पडली नाही. येताना म्हटलं, "बघ, कशी चालते!"

आजी म्हणाली, "आधीही चालत होती हो."

असो. पुढच्या शनिवारी भेटूच.